ग्लिसरीनमध्ये गुदमरलेला हातमिक्सर

प्रश्न असा आला आहे. सेलूच्या एका ताईंचा भाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. गेल्या वर्षी सुटीला आला तेव्हा कॉफीला फेस आणायचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा हातमिक्सर इथंच विसरून गेला. तिकडं तो त्याच्यावर घरच्या घरी ई-लिक्विड ढवळायचा, म्हणजे व्हेपमध्ये, ई-सिगारेटमध्ये, भरतात ते. ताईंनी तोच मिक्सर ग्लिसरीन-गुलाबपाण्याला लावला, कारण थंडीत बचत गटातल्या बायका हातापायाला लावायला मागतात. दिवाळीत छान चालला. जानेवारीत एका पहाटे बाटलीतच थांबला. दिरांनी सेल बदलून पाहिले, गंजाचा स्प्रे मारून पाहिला. आधी नुसतं घुर्र करायचा, आता तेही नाही. सोबत सेलच्या खणाचा फोटो आहे. विचारतात, हा दुरुस्त होईल का, आणि झाला तर पोराच्या कोल्ड कॉफीला वापरू का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ‘हो’. दुसऱ्याचं ‘नाही’, आणि तिथं मी ‘बहुतेक’ लावणार नाही. मी लातुरात गंजगोलाईजवळ अठ्ठावीस वर्षं मिक्सर, पंखे आणि लहानसहान मोटारी दुरुस्त करतोय. फेस आणायचे हे मिक्सर अलीकडं यायला लागले. “फिरंना गेलंय बघा मामा” म्हणत लोक टेबलावर ठेवतात आणि लगेच नवीन मोटर किती पडेल ते विचारतात. निम्म्याहून जास्त वेळा मोटर चांगली असते.

तुमचा मिक्सर जानेवारीतच का थांबला ते आधी बघू, कारण ते कळलं नाही तर दुरुस्त केलेलाही पुढच्या थंडीत थांबणार. पाणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हाताला सारखंच पातळ लागतं. ग्लिसरीनचं तसं नाही. २० अंश सेल्सिअसला शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे १,४०० पट घट्ट असतं. ३० अंशाला ते ६०० पटीवर येतं, ४० अंशाला २८० वर. उलट १० अंशाला गेलं की ४,००० पटीच्या जवळ पोचतं. आता परभणी जिल्ह्यातली थंडी तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. दिवाळीच्या दुपारी तुम्ही ढवळत होता ते ग्लिसरीन आणि जानेवारीच्या पहाटे गार ओट्यावरचं ग्लिसरीन यांच्यात सहापट फरक असणार. बाटली तीच, मिक्सर तोच.

त्यात ग्लिसरीन पाण्यापेक्षा सव्वापट जड. गुलाबपाणी वर राहतं, ग्लिसरीन तळाशी बसतं, आणि मिक्सरची जाळी आपण नेमकी तळापर्यंत घालतो. बटण दाबलं तेव्हा जाळीभोवती गुलाबपाणी नव्हतंच, सगळा चिखल होता.

आणि मिक्सर कसला? दुधाचा. दूध पाण्याच्या दुप्पट घट्ट, फार तर. त्या हिशोबानं आत अंगठ्याएवढी मोटर बसवलेली असते, खेळण्यातल्या गाडीत असते तशीच. तिला गिअर नाही. मोटरच्या दांड्याला जाळीची दांडी सरळ जोडलेली. वेग भरपूर, जोर अगदी थोडा. आजीची रवी आठवा. दोरीनं घुमवायची, वेग बेताचा, पण जोर दोन्ही हातांचा. हा मिक्सर म्हणजे रवीच्या बरोबर उलटं यंत्र आहे, आणि भावानं आणि तुम्ही दोघांनीही त्याला पुरण घोटायला लावलं.

भाव खाऊन सांगत नाही, पण इथं मोटरची एक गंमत सांगायलाच पाहिजे. फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज उलट्या दिशेनं तयार करत असते, आणि तीच सेलमधून येणाऱ्या करंटला लगाम घालते. वेग कमी झाला की लगाम सैल. मोटर थांबली की लगाम सुटलाच. माझ्या मीटरवर असले मिक्सर हवेत मोकळे फिरताना दीड-दोनशे मिलिअँपिअर खातात, आणि जाळी बोटांनी धरून ठेवली की काटा एक अँपिअरच्या पुढं जातो. म्हणजे सगळ्यात जास्त वीज ती न फिरताना खाते आणि त्या सगळ्या विजेची नुसती ऊब होते. बाहेरून आपल्याला वाटतं, अडकलाय, थोडा वेळ बटण धरून ठेवलं तर सुटेल. ते धरून ठेवलेले पंधरा-वीस सेकंदच मोटरला भोवतात.

आता दुरुस्ती. ही घरी होण्यासारखी आहे, फक्त घाई करू नका.

तुमच्या फोटोत सेलच्या खणातल्या स्प्रिंगवर पांढरी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी पूड दिसतेय. तो सेलचा पाझर आहे. दिरांनी नवीन सेल घातले ते या पुडीवरच घातले, मग करंट जाणार कुठून? जुने सेल अल्कलाइन असतील तर ही पूड क्षाराची असते. कानातला काडीकापूस व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवून लावा. बारीक फसफसेल. मग ओल्या काडीनं आणि शेवटी कोरड्या काडीनं पुसा. साधे स्वस्त सेल असतील तर त्यांचा पाझर आम्लाचा असतो, तिथं खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. कुठले सेल होते ते आठवत नसेल तर थेंबभर लिंबू टाकून बघा. फसफसलं तर क्षार. हाताला लागू देऊ नका, लागलं तर भरपूर पाण्यानं धुवा. पूड गेल्यावर स्प्रिंगचं आणि समोरच्या पत्रीचं टोक बारीक पॉलिश पेपरनं घासा, धातूची स्वच्छ चमक दिसेपर्यंत. स्प्रिंग हात लावताच तुटली तर घाबरू नका, जुन्या टॉर्चची बसते.

सेलबद्दल एक सांगून टाकतो. स्वस्तातले साधे पेन्सिल सेल घड्याळाला आणि रिमोटला ठीक. मोटर ओढायला लागली की त्यांचा दाब लगेच बसतो. टीव्हीचा रिमोट चालतोय म्हणून सेल चांगला, असं धरू नका. मिक्सरला अल्कलाइन घाला, किंवा चार्ज होणारे निकेलचे घाला. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, पण ओढ सहन करतात.

सेलचा खण साफ करूनही फिरत नसेल तर जाळीचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा. चांगल्या मोटरीत बारीक टप्पे लागतात, चुंबकाचे. खट् खट् असा हलका अडथळा येतो आणि सुटतो. तुमच्या मिक्सरमध्ये मला वाटतं टप्पे लागणार नाहीत, नुसता चिकट, सावकाश फिरणारा दांडा हाताला लागेल. ते आत शिरलेलं ग्लिसरीन.

ते आत कसं जातं, याचं उत्तर बहुतेकांच्या ओट्यावर उभं असतं. मिक्सर वापरून झाला की लोक तो पेल्यात जाळी वर करून ठेवतात, चमचे ठेवतो तसा. दूध पटकन वाळतं. ग्लिसरीन वाळत नाही. उलट हवेतली ओल ओढून घेतं. रात्रभर ते दांड्यावरून खाली उतरत राहतं आणि दांडा जिथं मोटरीत शिरतो त्या बुशमध्ये जाऊन बसतं. तिथून आत, मोटरच्या ब्रशवर. या छोट्या मोटारीत ब्रश म्हणजे तांब्याच्या केसाएवढ्या पातळ दोन पत्र्या असतात. त्यांच्यावर ग्लिसरीनचा थर बसला की संपर्क सुटतो. म्हणून आधी घुर्र, मग काहीच नाही.

आता दिरांच्या स्प्रेबद्दल. त्यांना रागावू नका, माझ्या दुकानातली पोरंही हेच करतात. काहीही जाम झालं की गंजाचा स्प्रे, नाहीतर रॉकेल, नाहीतर शिलाई मशीनचं तेल. पण ग्लिसरीन तेलात विरघळत नाही. रॉकेलमध्ये नाही, पेट्रोलमध्ये नाही, त्या स्प्रेमध्येही नाही. ते विरघळतं पाण्यात आणि स्पिरिटमध्ये. स्प्रे मारल्यावर ग्लिसरीन तिथंच राहिलं आणि त्याच्यावर तेलाचा थर चढला. आता आत दोन थर आहेत, आणि ते उतरवायला दोन्हींना चालणारी वस्तू हवी. ती म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं ‘आयपीए’ मागा. त्याच्याकडं नसेल तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालतं.

सेल काढा. मिक्सर जाळी खाली करून धरा. वरची टोपी किंवा मागचं झाकण उघडून मोटर दिसत असेल तर उत्तम. मोटरच्या पाठीला दोन बारीक भोकं असतात, त्यातून सिरिंजनं थोडं स्पिरिट सोडा आणि दांडा बोटांनी दोन्ही दिशांना फिरवत राहा. खाली कागद ठेवा. पहिल्यांदा काळं-चिकट पडेल. मग करडं. तिसऱ्या-चौथ्या वेळी जवळजवळ स्वच्छ. याच वेळी बोटांना ते टप्पे परत लागायला लागतात, आणि अठ्ठावीस वर्षांनंतरही मला त्या क्षणाला बरं वाटतं.

मग सोडून द्या. किमान चार तास, पंख्याखाली. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ब्रशवर ठिणगी पडते आणि स्पिरिट ठिणगीनं पेटतं. ओल्या मोटरीला सेल लावायचा नाही, गॅसजवळ हे काम करायचं नाही, आणि खोलीत वास असेपर्यंत बटण दाबायचं नाही. वाळल्यावर पुढच्या बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. सुईच्या टोकानं.

तरीही गप्प असेल तर मोटरच्या दोन टोकांना सेल थेट वायरनं लावून बघा. थेट लावल्यावर फिरली तर दोष बटणात आहे. यात बटण म्हणजे पितळेच्या दोन पट्ट्या, वाकवून आणि घासून ठीक होतात. थेट लावूनही फिरली नाही, किंवा मोटरला जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर मात्र ती गेली. तसली नवी मोटर तीस-चाळीस रुपयांत मिळते. लातूरला, परभणीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खेळण्याची ‘एकशे तीसची मोटर’ म्हणून मागा आणि जुनी सोबत न्या, कारण दांड्याची लांबी जुळवावी लागते.

एक तिसरा प्रकार असतो. मोटर जोरात आवाज करते पण जाळी ढिम्म. म्हणजे मोटरच्या दांड्यावरून जाळीची दांडी सुटलीय. दोघांना जोडणारा प्लॅस्टिकचा बारका तुकडा आत गोल झिजतो. कंपनीचा तुकडा मिळत नाही. रिकामी बॉलपेनची रिफिल घ्या, स्पिरिटनं शाई धुऊन टाका, एक सेंटिमीटर तुकडा कापा. गरम पाण्यात दहा सेकंद ठेवला की मऊ पडतो. एका टोकात मोटरचा दांडा, दुसऱ्यात जाळीची दांडी, दाबून बसवा. गार झाला की घट्ट धरतो. बसला नाही तर दुसऱ्या पेनची रिफिल बघा, भोक कमी-जास्त असतं. फेव्हिक्विक लावू नका. ते बुशमध्ये उतरलं की मोटर कायमची गेली, आणि असल्या मोटारी मी डबाभर जमवल्यात.

तुम्ही बॉडीवर बारीक भेगा पडल्याचंही लिहिलंय. ते पडल्यामुळं नसावं. लिंबूवर्गी, दालचिनी, लवंग, पुदिना यांचे अर्क कडक पारदर्शक प्लॅस्टिकला खातात. व्हेप ओढणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. असल्या स्वादांनी त्यांच्या प्लॅस्टिकच्या टाक्या तडकतात म्हणून ते काचेच्या घेतात. भावाला विचारा, लिंबाचा नाहीतर दालचिनीचा स्वाद घालायचास का. तो हसून हो म्हणेल.

भावाला फोन लावताच आहात तर त्याहून महत्त्वाचं विचारा. ढवळताना निकोटिन असायचं का? पुष्कळ जण बिनानिकोटिनचं बनवतात, मग काळजी नाही. असायचं म्हणाला तर पुढचं नीट वाचा.

ई-लिक्विडमध्ये मुख्य वस्तू दोन. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल. प्रोपिलीन ग्लायकॉल बरंच पातळ असतं, म्हणून भावाचा मिक्सर तिकडं इतके दिवस टिकला. वर स्वाद, आणि हवं असेल तर निकोटिन. इंग्लंडात दुकानात मिळणाऱ्या निकोटिनच्या ई-लिक्विडला मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि बाटली १० मिलिलिटरची. म्हणजे अंगठ्याएवढ्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन. हे काय चीज आहे ते शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पिकावर फवारायच्या अग्निअस्त्रात तंबाखू का उकळतात? अळी मरावी म्हणून. त्या तंबाखूत मारणारी वस्तू तीच, इथं बाटलीत गाळून ठेवलेली. ती कातडीतूनही अंगात जाते. लहान पोरानं गोड वास आला म्हणून एखादा घोट घेतला तर उलट्या, घाम, झटके, आणि वेळ हाताबाहेर जाऊ शकते. तसं काही झालं तर घरगुती उलटीचे उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि बाटली सोबत न्या.

म्हणून कोल्ड कॉफीला नाही. ‘गरम पाण्यानं तीनदा धुतला’ म्हणाल तरी नाही. जाळी स्टीलची आहे, ती धुऊन स्वच्छ होईल. पण दांडा आत शिरतो तिथली फट, टोपीचा सांधा, प्लॅस्टिकच्या भेगा, तिथं काय राहिलंय ते ना तुम्हाला दिसणार ना मला. आणि उलटा उभा ठेवला की आतलं बाहेर येणारच. दीडदोनशे रुपयांच्या वस्तूसाठी पोराच्या पेल्यात हा जुगार कशाला?

आधी बनवलेल्या ग्लिसरीन-गुलाबपाण्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात येईलच. भावानं धुऊन ठेवलेल्या जाळीवर उरलेलं निकोटिन अगदी थोडं, आणि ते लिटरभरात विरलेलं. तरी निकोटिन वापरायचा म्हणाला तर पहिल्या बाटल्यांतलं काही शिल्लक असेल ते टाकून द्या. विशेषतः लहान मुलांच्या अंगाला लावायला दिलं असेल तर परत मागा. दोन बायका नाराज झालेल्या परवडतात.

घरात त्याच्या बाटल्या राहिल्या असतील तर त्या कुलपात. मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून, घंटागाडीवाल्याला घातक कचरा म्हणून वेगळं सांगून द्या. हाताळताना हातमोजे. आणि भाऊ पुढच्या खेपेला ‘इथंच बनवू’ म्हणाला तर त्याला सांगा, भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, वाटणं, जाहिरात करणं यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करून ठेवण्याला वेगळी शिक्षा आहे. माझ्याकडं एक पोरगा असलाच मिक्सर घेऊन आला होता, आंब्याचा घमघमाट येत होता त्याला. कशाला वापरतोस विचारलं तर म्हणाला, “आमरसाला, मामा.” डिसेंबर होता. मी मिक्सर तसाच परत दिला.

मग दुरुस्त केलेल्या मिक्सरचं करायचं काय? मुठीवर लाल नेलपॉलिशचा जाड पट्टा मारा आणि तो स्वयंपाकघरातून कायमचा बाहेर काढा. कुंड्यांसाठी निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी ढवळायला तो एक नंबर आहे. ते पातळ असतं, मोटरला काही वाटत नाही, आणि तिथं फेटून बारीक करण्याची खरोखर गरज असते.

कारण ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याला मिक्सर लागतच नाही, ताई. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण मिसळतं, कुठल्याही प्रमाणात. फेटायचं ते जे मिसळत नाही ते. तुम्ही ग्लिसरीनची बाटली झाकण सैल करून कडकडीत नसलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यात पंधरा मिनिटं ठेवा. ५० अंशाला आलं की जानेवारीतल्या त्या चिखलाचं जवळजवळ तेल होतं, १४० पटीवर उतरतं. मग स्वच्छ बाटलीत आधी गुलाबपाणी, वरून ग्लिसरीन. उलटं केलं तर ते परत तळाशी चिकटून बसतं. बाटली दोन तृतीयांशच भरा, हलवायला जागा पाहिजे. एक मिनिट हलवा, थांबा, परत हलवा. उजेडात धरून बघितलं की आत काचेच्या दोऱ्यासारख्या रेषा तरंगताना दिसतात. त्या दिसतात तोवर मिसळलेलं नाही. रेषा गेल्या की झालं. मिक्सरनं उलट हवा कोंडली जाते आणि ग्लिसरीनमधले बुडबुडे तासन्‌तास निघत नाहीत. भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी बोटभर खाली गेलेली दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, कमी भरली.

गुलाबाचं तेल वरून टाकत असाल तर मात्र ते मिसळणार नाही, कितीही फेटा. दोन तास दुधाळ दिसेल, सकाळी वर तवंग. त्यासाठी पॉलिसॉर्बेट वीस नावाचा पदार्थ लागतो. साबण-शांपूचा कच्चा माल विकणाऱ्याकडं मिळतो. आधी तेल त्यात कालवायचं, मग पाण्यात.

पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला जी पांढरी खपली धरते तीच बाटलीच्या तळाशी बसते. आणि ग्लिसरीन रंगवाल्याकडून, खुल्या कॅनमधून आणू नका. मेडिकलमधून, लेबलवर ‘आयपी’ (औषधी दर्जाची खूण) लिहिलेलं, सीलबंद. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. चौकशीचा लेंटिन आयोग त्याच्यावरच बसला होता. तिथं ते पोटात गेलं होतं, तुम्ही कातडीला लावता, हे खरं. पण दिसायला आणि चवीला दोन्ही सारखीच असतात. बाटलीवरच्या लेबलाशिवाय ओळखायला आपल्याकडं दुसरं काही नाही.

गटाचं काम वाढून पाच-दहा लिटर हँडवॉश बनवायची वेळ आली तर विजेवरचा हँड ब्लेंडर आणायच्या आधी त्याच्या बुडाची पट्टी वाचा. ‘एक मिनिट’ किंवा तसलं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सलग एक मिनिटच चालवायचा, मग मोटर गार होऊ द्यायची. माझ्याकडं येणाऱ्या ब्लेंडरांत ही एक ओळ न वाचल्यामुळं आलेले पुष्कळ असतात. कार्बन घासून संपलेले, नायलॉनचे गिअर वितळून दात गेलेले. त्यापेक्षा घरात ड्रिल मशीन असेल आणि त्याला वेग कमी करायचं बटण असेल, तर रंग ढवळायची स्टीलची फिरकी आणा आणि अगदी हळू फिरवा. नाहीतर मोठी लाकडी रवी. दहा लिटरला ती पुरते, आणि फेसही कमी येतो.

तुमच्याकडून घरी जमलं नाही तर मिक्सर पाठवून द्या. फक्त सेल काढून पाठवा, जाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, आणि चिठ्ठीत ‘निकोटिन होतं’ किंवा ‘नव्हतं’ एवढं लिहा. दुकानात पोरं हातमोज्याशिवाय काम करतात.